टोल्किनच्या सचित्र संग्राह्य आवृत्त्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रज लेखक जे. आर. आर. टोल्किनच्या 'द हॉबिट' आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या सचित्र आवृत्त्या जमवणाऱ्यांना, किंवा जमवायला निघालेल्यांना, पडणारे प्रश्न इथे आहेत. निम्मी उत्तरं खरेदीची आहेत, निम्मी सांभाळण्याची. आपल्या हवेत दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

सचित्र आवृत्ती कशाला म्हणायचं? मुखपृष्ठावर सुंदर चित्र आहे, तेवढं पुरत नाही का?

नाही. जॅकेटवर, म्हणजे पुठ्ठ्यावरच्या सुट्या कागदी वेष्टणावर, एक चित्र आणि आत नुसता मजकूर, अशी प्रत देखणी असेल, सचित्र नव्हे. आत चित्रं किती, ती मजकुराच्याच कागदावर छापलीत की वेगळ्या आर्ट पेपरवर, आणि ती पानं पुस्तकात शिवलीत की नुसती चिकटवलीत, हे आधी विचारा. सोनेरी ठसा, रिबन, पुस्तक सरकवून ठेवायचा खोका आणि प्रतीचा क्रमांक हे सगळं त्यानंतर. जाहिरातीत मात्र नेमका उलटा क्रम असतो.

टोल्किनने स्वतः चित्रं काढली होती ना? ती कुठे मिळतील?

हो, आणि 'हॉबिट'चा पहिला चित्रकार तोच. २१ सप्टेंबर १९३७ ला लंडनच्या जॉर्ज अॅलन अँड अन्विनने पुस्तक काढलं. पहिली छपाई १,५०० प्रतींची होती. तिच्यात त्याची दहा कृष्णधवल चित्रं आणि दोन नकाशे होते. जॅकेट त्याचंच, फिकट हिरव्या कापडावरची डोंगर आणि ड्रॅगनची निळी नक्षीही त्याचीच. रंगीत चित्र आत एकही नव्हतं. डिसेंबरपर्यंत प्रती संपल्या आणि लगेच निघालेल्या दुसऱ्या छपाईत चार रंगीत चित्रं आली. म्हणून निव्वळ चित्रांच्या दृष्टीने पाहिलं तर दुसरी छपाई पहिलीपेक्षा श्रीमंत आहे. बाजार तसं मानत नाही, ही गोष्ट वेगळी.

रंगीत चित्रं त्याने एकूण पाच काढली होती. ब्रिटिश छपाईने कथेचा नायक बिल्बो पहाटेच्या उन्हात जागा होतो ते चित्र वगळलं. १९३८ च्या अमेरिकन आवृत्तीने, म्हणजे हॉटन मिफ्लिनने, ते घेतलं आणि पिंपांवरून नदीतून जाण्याचं चित्र सोडलं. पाचही हवी असतील तर या जुन्या प्रतींमागे धावण्यात अर्थ नाही. २०२३ मध्ये हार्परकॉलिन्सने लेखकाच्याच चित्रांसह काढलेली 'हॉबिट' घ्या. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची तशीच, लेखकाच्या चित्रांची आवृत्ती २०२१ मध्ये आली.

जॅकेटच्या मूळ आराखड्यात सूर्य आणि ड्रॅगन लाल होते. चौथ्या रंगाचा खर्च नको म्हणून प्रकाशकाने लाल गाळला आणि हिरवा, निळा, काळा एवढेच ठेवले. लाल सूर्याचं जॅकेट 'मूळ १९३७ चं' म्हणून कुणी दाखवलं तर तिथेच थांबा.

मग पहिली प्रत कोणती घ्यावी?

एकच घ्यायची असेल तर चित्रकार अॅलन लीच्या चित्रांची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. टोल्किनची जन्मशताब्दी १९९२ मध्ये होती. तिच्या निमित्ताने १९९१ मध्ये ही एकखंडी आवृत्ती निघाली, पन्नास रंगीत जलरंगचित्रांसह. पुढे ती अनेकदा पुनर्मुद्रित झाली, तीन खंडांतही आली. लीची चित्रं धूसर, राखाडी-तपकिरी छटांची आहेत. छपाई जरा गडद झाली की सावलीतले तपशील बुडतात, म्हणून दोन छपायांच्या प्रती शेजारी ठेवून पाहता आल्या तर जरूर पाहा. जुनीच छपाई चांगली असेल असं गृहीत धरू नका.

वाचायलाही तीच प्रत वापरायची असेल तर तीन खंड घ्या. एकखंडी पुस्तक हजाराहून जास्त पानांचं आणि चांगलंच जड आहे. उभं ठेवलं की पानांचा गठ्ठा स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो आणि पुठ्ठा व कणा जिथे जुळतात तो सांधा फाटतो. १९९१ च्या वापरलेल्या प्रतींत सर्वाधिक आढळणारा दोष हाच.

मजकुराच्या अचूकतेबद्दल काटेकोर असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २००४ च्या पन्नासाव्या वर्धापनदिनाच्या आवृत्तीसाठी मजकूर नव्याने तपासून शेकडो दुरुस्त्या झाल्या. १९९१ ची प्रत त्याआधीची आहे. त्याच २००४ च्या आवृत्तीत कथेतल्या मझरबुलच्या ग्रंथाची तीन पानं रंगीत छापली आहेत. टोल्किनने ती कागद जाळून, डाग पाडून स्वतः तयार केली होती आणि १९५४ मध्ये खर्चापायी वगळावी लागली होती.

अॅलन ली सोडून दुसरे कोण?

'हॉबिट'लाही लीची चित्रं आहेत, १९९७ ची आवृत्ती. रंगीत चित्रांइतकीच तिच्यातली पेन्सिलची रेखाटनं पाहण्यासारखी आहेत. टोल्किनचंच 'द सिल्मरिलियन' टेड नॅस्मिथच्या चित्रांचं: १९९८ मध्ये आलं आणि २००४ मध्ये चित्रं वाढवून पुन्हा निघालं. घ्यायचं तर २००४ चं किंवा त्यानंतरचं.

पॉलिन बेन्सचं काम मुख्यतः वेष्टणांवर आहे. १९६४ च्या तीन खंडांच्या डीलक्स संचाचा खोका तिने रंगवला, आणि तो खोका नसेल तर त्या संचाची अर्धी मजा गेली.

खरी गंमत आहे ती भाषांतरित आवृत्त्यांत. मूमिनच्या गोष्टी लिहिणाऱ्या टूवे यान्सनने १९६२ च्या स्वीडिश 'हॉबिट'ची चित्रं काढली. तिने काढलेला गॉलम (कथेतलं एक पात्र) प्रचंड मोठा आहे, कारण तोपर्यंतच्या मजकुरात त्याचा आकार कुठे स्पष्ट दिलेलाच नव्हता. १९७६ मध्ये सोव्हिएत रशियात मिखाइल बेलोमलिन्स्कीच्या चित्रांची आवृत्ती निघाली. ती कमी दरात मिळू शकते, मात्र कागद साधा आणि बांधणी कोरडी असते.

फोलिओ सोसायटी या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेचा १९७७ चा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तीन खंडांचा संच हा आणखी एक प्रकार. चित्रकाराचं नाव इंगाहिल्ड ग्रॅथमर असं छापलंय, म्हणजे डेन्मार्कची तेव्हाची राणी मार्गारेटे दुसरी. तिची रेखाटनं छपाईसाठी एरिक फ्रेझरने पुन्हा काढली. त्यानेच १९७९ ची फोलिओची 'हॉबिट' चितारली. हा संच वर्षानुवर्षं पुनर्मुद्रित होत राहिला, त्यामुळे 'दुर्मीळ' म्हणून लावलेल्या भावाला भुलू नका. छपाईचं वर्ष आत लिहिलेलं असतं.

पहिली छपाई कशी ओळखायची?

शीर्षकपानाच्या मागचं पान उघडा आणि या क्रमाने पाहा.

प्रकाशकाचं नाव: 'जॉर्ज अॅलन अँड अन्विन' असेल तर प्रत १९८६ पूर्वीची. 'अन्विन हायमन' असेल तर १९८६ ते १९९० च्या आसपासची. १९९० मध्ये कंपनी हार्परकॉलिन्सकडे गेली, त्यामुळे हार्परकॉलिन्सचं नाव त्यानंतरच्याच प्रतींवर सापडेल. नाव आणि सांगितलेलं वर्ष जुळत नसेल तर पुढे वाचायची गरज नाही.

छपायांची यादी: जुन्या प्रतींत प्रथम प्रकाशनाचं वर्ष आणि खाली दुसरी, तिसरी, चौथी छपाई अशी ओळीने नोंद असते. यादीतली शेवटची नोंद म्हणजे तुमची प्रत. विक्रेते बऱ्याचदा फक्त वरच्या ओळीचा फोटो पाठवतात. पूर्ण पानाचा मागा.

आकड्यांची ओळ: नव्या प्रतींत १ ते १० आकडे ओळीने किंवा दोन्ही बाजूंना वाटून छापलेले असतात. त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे छपाईचा क्रमांक. १ दिसला तर पहिली, ४ पासून सुरुवात असेल तर चौथी.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक): तेरा अंकी क्रमांक जानेवारी २००७ पासून रूढ झाले. '१९९१ ची पहिली छपाई' म्हणून दाखवलेल्या प्रतीवर फक्त तेरा अंकी क्रमांक असेल तर ती पुनर्मुद्रण आहे.

बुक क्लबच्या, म्हणजे क्लबच्या सभासदांसाठी स्वस्तात छापलेल्या, प्रती वेगळ्या ओळखाव्या लागतात. जॅकेटच्या आतल्या घडीवर किंमत नसते, कागद हलका असतो आणि अमेरिकन प्रतींच्या मागच्या पुठ्ठ्यावर खालच्या कोपऱ्यात लहानसा दाबलेला ठसा असतो. घडीचा कोपरा कापलेला असेल तर किंमत होती की नव्हती हे कळायला मार्ग उरत नाही. अशा प्रतीचा भाव कमीच असायला हवा.

'हॉबिट'ची १९३७ ची प्रत कुणी विकायला काढली तर?

आधी संशय. २०१६ मध्ये हार्परकॉलिन्सने पहिल्या आवृत्तीची हुबेहूब प्रतिकृती भेटसंच म्हणून काढली. तिचं पुस्तक खोक्यातून बाहेर काढून फोटो टाकले की पटकन फसायला होतं. शिवाय खऱ्या पुस्तकावर नकली जॅकेट चढवण्याचा धंदा जोरात चालतो, कारण मूळ जॅकेटने किंमत अनेक पटींनी वाढते.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. मूळ जॅकेटवर हिरवा, निळा, काळा हे रंग सपाट, सलग दिसतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत तेच रंग चार रंगांच्या बारीक ठिपक्यांच्या फुलांनी बनलेले असतात. मग मागची घडी पाहा. पहिल्या छपाईच्या जॅकेटवर 'अॅलिस इन वंडरलँड'चा लेखक लुइस कॅरलचं खरं आडनाव 'डॉजसन' चुकीच्या स्पेलिंगने छापलं गेलं होतं, त्यात एक 'ई' जास्त होता. प्रकाशकाने तो शाईने हाताने खोडून घेतला. ती रेघ छापलेली असेल तर जॅकेट नकली.

विक्रेता प्रत 'गुड' आहे म्हणतो. म्हणजे चांगली ना?

या धंद्यात 'गुड' म्हणजे वापरून खराब झालेली, पण पानं पूर्ण असलेली प्रत. उतरता क्रम असा: फाइन, निअर फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर. मध्ये तिरकी रेघ देऊन दोन शेरे असतील तर पहिला पुस्तकाचा आणि दुसरा जॅकेटचा. संग्रहासाठी व्हेरी गुडच्या खाली जाऊ नका, फक्त ज्या प्रती दुसऱ्या अवस्थेत सापडतच नाहीत त्यांचा अपवाद करा.

'एक्स-लायब्ररी' म्हणजे ग्रंथालयातून बाद झालेली. शिक्के, खिसा, चिकटपट्ट्या आल्याच. चित्रांसाठी घेत असाल तर अशा प्रतीत पानं गायब असण्याची शक्यता सर्वात जास्त.

लिमिटेड, डीलक्स, साइन्ड यांत फरक काय?

लिमिटेड म्हणजे किती प्रती छापल्या हे आत जाहीर केलेलं असतं आणि तुमच्या प्रतीचा क्रमांक लिहिलेला असतो. संख्या दिली नसेल तर ती लिमिटेड नाही, जाहिरात काहीही म्हणो. डीलक्स म्हणजे खोका, चांगलं कापड किंवा चामडं, रंगवलेल्या कडा. यात संख्येचं बंधन नसतं आणि त्या वर्षानुवर्षं पुन्हा छापल्या जाऊ शकतात.

सहीचे तीन प्रकार आहेत. थेट पुस्तकाच्या पानावर केलेली सही सर्वात वरची. वेगळ्या कागदावर सही घेऊन तो कागद बांधणीत घातलेला असतो, तो दुसरा. सही केलेली चिठ्ठी नंतर डकवलेली असते, तो तिसरा, आणि त्याला भाव सर्वात कमी, कारण चिठ्ठी कुठल्याही प्रतीत डकवता येते. छापलेली सही भिंगाखाली ठिपक्यांची दिसते. खऱ्या सहीत पेनचा दाब आणि शाईचा कमीजास्तपणा जाणवतो. टोल्किनची स्वतःची सही मात्र जाणकाराच्या लेखी अभिप्रायाशिवाय घेऊ नका. तो १९७३ मध्ये वारला, आणि त्याच्या नावाने नकली सह्या भरपूर फिरतात.

पुढे किंमत वाढेल का?

काहींची वाढते, बहुतेकांची नाही. रंगीत कडांची, खोक्यातली नवी पुस्तकं सगळेच जपून ठेवतात, त्यामुळे चांगल्या अवस्थेतल्या प्रती मुबलक राहतात. जुन्या पुस्तकांचं उलट होतं: ती मुलांनी वाचून फाडली, म्हणून उरलेल्या मोजक्या प्रतींना भाव आला. चित्रं आवडली तर घ्या.

परदेशातून मागवताना काय पाहायचं?

खर्चाचा मोठा वाटा पुस्तकाचा नसतो, वजनाचा असतो. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागतात. ४० × ३० × २० सेंमीचा खोका ४.८ किलोचा ठरतो, आत पुस्तक अडीच किलोचं असलं तरी.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. सीमाशुल्क मात्र आहे: २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर ५ टक्के लागलं. मागवण्याआधी चालू दर पाहून घ्या. त्यावर कुरिअरचं हाताळणी शुल्क येतं आणि ते कधीकधी करापेक्षा मोठं असतं. ओळखपत्राची प्रत मागितली जाते, ती वेळेत दिली नाही की पार्सल अडकतं. विक्रेत्याला किंमत कमी लिहायला सांगू नका. पार्सल हरवलं तर भरपाई त्या लिहिलेल्या रकमेचीच मिळते.

पॅकिंगबद्दल लेखी सूचना द्या. पुस्तक आधी बंद होणाऱ्या प्लास्टिक पिशवीत, त्यावर बबल रॅपचे दोन वेढे, चारही कोपऱ्यांना पुठ्ठा, मग आतला खोका, आणि तो बाहेरच्या मोठ्या खोक्यात सगळीकडून किमान ५ सेंमी भरावासह. नुसत्या बबल पाकिटात आलेल्या जड पुस्तकाचे कोपरे हमखास चेपतात. जून ते सप्टेंबरमध्ये प्लास्टिक पिशवीला पर्याय नाही. घाई नसेल तर जड पार्सल दिवाळीनंतरच मागवा.

पार्सल आल्यावर काय तपासायचं?

खोका फोडण्यापासून व्हिडिओ काढा. पुस्तक थंड विमानातून दमट हवेत आलेलं असतं, म्हणून आतली प्लास्टिक पिशवी लगेच न फाडता काही तास तशीच ठेवा. मग चित्रांची यादी उघडून एकेक चित्र मोजा. १९९१ च्या लीच्या आवृत्तीत पन्नास भरली पाहिजेत. जुन्या प्रतींतली चित्रं फ्रेम करण्यासाठी कापून काढलेली असतात. कापलेल्या पानाची अरुंद पट्टी शिवणीजवळ बोटाला लागते.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या जुन्या खंडांत शेवटी लाल-काळ्या रंगात छापलेला घडीचा नकाशा चिकटवलेला असतो. तो पूर्ण उलगडून घड्यांच्या छेदांवर भोकं पडलीत का पाहा. उलगडताना पुस्तक टेबलावर सपाट हवं. हातात धरून नकाशा ओढला की चिकटवलेल्या बाजूनेच फाटतो. फाटला असेल तर सेलोटेप अजिबात नको. तो काही वर्षांत पिवळा पडतो आणि त्याचा डिंक कागदात उतरतो. जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीने जोडतात, आणि ते काम सराव असलेल्याकडून करून घ्या.

नव्या प्रतीत फर्मा (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचा गठ्ठा) उलटा शिवलेला, पानं कोरी किंवा दोनदा आलेली असू शकतात. सगळी पानं एकदा तरी उलटा. परत पाठवण्याची मुदत संपल्यावर हे कळून उपयोग नाही.

नवं जाड पुस्तक उघडायची काही पद्धत आहे का?

आहे, आणि पाच मिनिटांचं काम आहे. कणा टेबलावर टेकवा, दोन्ही पुठ्ठे सावकाश खाली करा, पानं उभी राहू द्या. मग पुढून आठ-दहा पानं दाबून सपाट करा, मागून तेवढीच, पुन्हा पुढून, असं मध्यापर्यंत या. थेट मध्ये उघडून दाबलं की कण्यावरचा गोंद तिथेच तडकतो आणि पुस्तक जन्मभर त्याच पानावर उघडतं.

कडा रंगवलेल्या असतील तर पानं एकमेकांना हलकी चिकटलेली असतात. अंगठ्याने फरफर न उलटता कोपऱ्यापासून एकेक सोडवा.

खोक्यातून पुस्तक काढताना कण्याचं वरचं टोक बोटाने ओढू नका. खोका पुढे कलवा, पुस्तक हातात येऊ द्या. पावसाळ्यात खोका आणि पुस्तक दोन्ही फुगून अडकतात. तेव्हा खेचाखेच नको. सिलिका जेलबरोबर बंद डब्यात एक-दोन दिवस ठेवलं की सुटतं.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पुस्तकं कशी टिकवायची?

सगळा खेळ सापेक्ष आर्द्रतेचा आहे. ती ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. ४५ ते ५५ च्या दरम्यान ठेवणं आदर्श, पण किनारपट्टीवर साठच्या खाली ठेवता आलं तरी पुष्कळ झालं. आधी एक डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि कपाटाच्या आत ठेवा. खोलीतला आकडा आणि कपाटातला आकडा यांत बराच फरक असतो.

कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका. ओल त्याच भिंतीतून येते. पर्याय नसेल तर मागे ५ सेंमी फट सोडा आणि सर्वात खालचा कप्पा मोकळा ठेवा. काचेची दारं असलेलं कपाट चांगलं, पण आत ओल अडकली तर तेच वाईट. बंद कपाटात प्रत्येक कप्प्यात पाव ते अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशवीत ठेवा. नारिंगी रंग बदलणारं घ्या, निळ्यात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं. रंग पालटला की ताटात पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दीड-दोन तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. आकडा खाली येत नसेल तर जेल वाढवण्याआधी दाराच्या फटी पाहा. फटीतून हवा येत असेल तर ते जेल सगळ्या खोलीची ओल शोषत बसतं.

दिवसा एसी आणि रात्री बंद, हा प्रकार पुस्तकांना मानवत नाही. आर्द्रता रोज वर-खाली होते आणि पुठ्ठे वाकतात. स्थिर ५८ टक्के हे ४५ ते ७५ मध्ये झुलण्यापेक्षा बरं. विदर्भ-मराठवाड्यात प्रश्न उलटा असतो. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की चामडं आणि गोंद तडकतात. तिथे जेल फक्त पावसाळ्यात ठेवा.

पुस्तकांना ऊन दाखवण्याची आपल्याकडची जुनी पद्धत या पुस्तकांसाठी विसरा. उन्हात कण्याचा रंग उडतो आणि पुठ्ठा वाकतो. सावलीत, पंख्याखाली, पुस्तक उभं करून पानं थोडी पसरवून ठेवली की पुरे.

दोन किलोंच्या पुढचं पुस्तक आडवं ठेवा, एकावर एक तीनपेक्षा जास्त नकोत. उभी ठेवलेली पुस्तकं एकमेकांना टेकून सरळ राहतील इतपत दाटीत असावीत. रिबन दुमडून आत ठेवू नका, ओलीत तिचा रंग पानावर उतरतो.

बुरशी किंवा कसर लागलीच तर?

ती प्रत ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळी करा. ओली बुरशी पुसू नका, पसरते. आधी हवेशीर सावलीत पूर्ण वाळू द्या, मग घराबाहेर, एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशने कण्यापासून बाहेरच्या दिशेने झाडा. तांबूस ठिपके राहतील. ते घालवायला ब्लीच किंवा लिंबू वापरलं तर कागद जातो.

कसर, पुस्तकातल्या उवा आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या यांच्यासाठी गोठवणं हा सर्वात निर्धोक उपाय. पुस्तक दोन बंद होणाऱ्या पिशव्यांत हवा काढून घाला आणि घरच्या उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर थंड पुस्तकावर पाणी सुटतं. वाळवी असेल तर पुस्तक वाचवून भागणार नाही, भिंतीवर आणि लाकडावर उपचार करून घ्या.

डांबर गोळ्या नकोत. वास कागदात मुरतो, वर्षानुवर्षं जात नाही आणि श्वासालाही घातक. कडुनिंबाच्या पाल्याने बिघडत नाही, पण तो सुकून चुरा होतो, पानांवर डाग पडतात आणि किडे तरीही येतात.

पुस्तक भिजलं. रंगीत पानं चिकटतील का?

आर्ट पेपरची असतील तर हो, आणि एकदा चिकटून वाळली की सुटत नाहीत. त्या कागदावरचा चिनीमातीचा थर पाण्याने गोंदासारखा होतो. हातात काही तासच असतात. पानं ओली असतानाच प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉनचा बेकिंग पेपर घाला. एवढं लगेच जमणार नसेल तर पुस्तक पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये टाका. गोठलेलं पुस्तक नंतर सावकाश हाताळता येतं. हेअर ड्रायर लावला तर पानं लाटांसारखी वाकतात.

साध्या कागदावर मजकुरासोबतच छापलेली चित्रं याबाबतीत सुदैवी. तिथे पानांत टिपकागद बदलत राहिलं तरी भागतं.

कव्हर घालावं का? खाकी चालेल?

खाकी कागद आम्लधर्मी असतो, त्याचा पिवळेपणा कापडावर उतरतो. स्टेशनरीच्या दुकानातलं वास येणारं मऊ पारदर्शक प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असतं. त्यातला तेलकट अंश सुटतो आणि जॅकेटची शाई प्लास्टिकलाच चिकटते. जॅकेटला ५० मायक्रॉनच्या आसपासची पॉलिएस्टर फिल्म घाला. ती कुरकुरीत असते, वास येत नाही. फिल्म स्वतःवरच दुमडून बसवा, चिकटपट्टी जॅकेटला लागता कामा नये. चामडी बांधणीला बुटांचं पॉलिश, खोबरेल किंवा ग्लिसरीन चोळू नका. नव्या 'चामडी' आवृत्त्यांपैकी अनेक तर चामड्याच्या चुऱ्याच्याच असतात. त्यांना कोरडं सुती फडकं पुरे.

फूटपाथवर आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या प्रतींचं काय?

दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर किंवा अप्पा बळवंत चौकात जुनी ब्रिटिश छपाई खरोखर हाती लागू शकते. वर दिलेल्या तपासण्या तिथेच उभ्याने करता येतात, भिंग खिशात ठेवा.

दुसऱ्या असतात बेकायदा छापलेल्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. म्हणजे टोल्किनचं लेखन आणि त्याची चित्रं २०३३ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत. अॅलन ली हयात आहे, त्याच्या चित्रांचा हक्क तर त्याच्या पुढे कितीतरी वर्षं. त्यामुळे भलत्याच प्रकाशकाच्या नावाची 'सचित्र हॉबिट' दिसली तर ती चोरीची. चित्रं इंटरनेटवरून उचललेली असतात, भिंगाची गरज नाही, नुसत्या डोळ्यांनीही फुटलेली दिसतात.

मराठीत सचित्र आवृत्ती आहे का?

मुग्धा कर्णिक यांचा 'स्वामी मुद्रिकांचा' हा अनुवाद पुण्याच्या डायमंड पब्लिकेशन्सने काढला आहे. तो वाचण्यासाठी घ्यावा. लीच्या आवृत्तीसारखं रंगीत चित्रांचं पुस्तक म्हणून नव्हे. भाषांतरित आवृत्त्या जमवणारे जगभर आहेत, आणि त्यांच्यासाठी तो संग्राह्यच.

टोल्किन झाला. पुढे काय पाहावं?

अर्सुला ले ग्विनच्या अर्थसी कथांची २०१८ ची एकखंडी सचित्र आवृत्ती, चित्रकार चार्ल्स व्हेस. ती टोल्किनच्या एकखंडी पुस्तकासारखीच जड आहे, आडवी ठेवा. मागे जायचं असेल तर लॉर्ड डनसेनीच्या १९०५ च्या 'द गॉड्स ऑफ पेगाना'मधली सिडनी साइमची चित्रं आणि ई. आर. एडिसनच्या १९२२ च्या 'द वर्म ऑरोबोरस'मधली कीथ हेंडरसनची. या दोन्हींच्या मूळ प्रती महाग आहेत. चित्रं पाहायची असतील तर चांगलं पुनर्मुद्रण घ्या, फक्त घेण्याआधी आतल्या दोन पानांचा फोटो मागून साइमच्या करड्या छटा काळ्या पडल्या नाहीत ना, एवढं पाहा.